कै. फुमिए यांचे मंगळवार

मिनाहारा नगरपालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांकडून आठवड्यातून तीन दिवस विश्रांती करून घेण्याचा ठराव एकमताने संमत केला. पाच दिवसांचा आठवडा माणसाला थकवतो, थकलेला माणूस कामात चुकतो आणि त्या चुका निस्तरायला सहावा दिवस लागतो, असे तज्ज्ञांनी सिद्ध केले होते. तेव्हा एप्रिलपासून प्रत्येकाला शनिवार, रविवार आणि शिवाय नेमून दिलेला एक मधला वार सुट्टी. कार्यालय मात्र पाचही दिवस उघडे राहणार होते, कारण गटारांना सुट्टी देण्याची तरतूद ठरावात नव्हती. "विश्रांतीत कुचराई करणाऱ्यांची गय केली जाणार नाही," असे नगराध्यक्षांनी भाषणाच्या शेवटी बजावले.

जलनिःसारण विभागात गटारांच्या झाकणांचे काम पाहणाऱ्या तादाओ इवाकुराच्या वाट्याला मंगळवार आला. तो त्या संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत चक्क पळत गेला.

"अगं, मंगळवार मिळाला!"

फुमिए एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झाडत होती. तिचे हात थांबले. "कोणाला?"

"आपल्याला!"

घराच्या पुढच्या खोलीत फुमिएचे केशकर्तनालय होते, आणि गावातली सगळी केशकर्तनालये मंगळवारी बंद असत. शनिवार-रविवार तिच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागे, तेव्हा इवाकुरा घरी. मंगळवारी ती घरी, तेव्हा इवाकुरा झाकणांवर. लग्नाला वीस वर्षे उलटून गेली, पण दोघांची सुट्टी एका दिवशी कधी आली नव्हती. लग्नही रविवारी झाल्यामुळे तिचा त्या दिवसाचा धंदा बुडाला होता, आणि ती हे अजून बोलून दाखवी.

"मग युनोसेला जाऊ," ती म्हणाली. "गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं. उकडलेली अंडी खायची. आणि तुम्ही झाकणांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

पहिल्या मंगळवारी ते युनोसेला गेले. कुंडाच्या काठावर शेजारी शेजारी बसले. पाय गुलाबी झाले. फुमिएने अंडे सोलायला घेतले आणि नेमक्या त्याच क्षणी इवाकुराचा चेहरा पडला.

"खोका!" तो म्हणाला.

मिनाहारातल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागले नसते. रजेवरून परतणाऱ्याने सहकाऱ्यांसाठी मिठाईचा खोका न्यायचा असतो. मी मजा मारली, तुम्ही माझ्या वाट्याचे राबलात, त्याचे हे प्रायश्चित्त. खोका जिथे गेलो त्या गावचाच हवा. गल्लीतल्या दुकानातला नेला, तर या बिचाऱ्याला जायला जागा नाही आणि न्यायला माणूस नाही, असा अर्थ होतो. वर्षाकाठी प्रत्येक जण दोन-तीनदा रजा घेत होता, तोवर ही रीत सर्वांना गोडच वाटे. ती दर आठवड्याला पाळायची झाली तर काय होईल, याचा विचार तज्ज्ञांनी केला नव्हता. तज्ज्ञ राजधानीतून आले होते आणि येताना खोका घेऊन आले होते.

युनोसेतल्या मांजूच्या दुकानासमोरची रांग देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. लाल चवळीचे पुरण भरलेले ते वाफाळते गोळे ताजे ताजे खोक्यात भरून मिळत. रांगेत पाणीपुरवठा होता, जन्म-मृत्यू नोंदणी होती, अर्धे उद्यान खाते होते. मंगळवारवाले सगळे. सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि विश्रांती कशी चालली आहे याची चौकशी केली. इवाकुराच्या हातात खोका आला तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती. फुमिएने त्याच्याही वाटणीची अंडी खाल्ली होती.

पुढच्या आठवड्यात प्रकरण वाढले. विभागातली सगळ्यात तरुण कर्मचारी कुबो आपल्या गुरुवारी विमानाने उत्तरेच्या बेटावर गेली आणि तिथली लोण्याची बिस्किटे घेऊन आली. तिच्यानंतर कोणाला जवळच्या गावाचा खोका काढायची लाज वाटू लागली. जो तो आपल्या विश्रांतीच्या दिवशी पहाटे उठून लांब जाऊ लागला. विभागात खोक्यांच्या थप्प्या लागल्या. त्यांच्याखाली शहराच्या गटारांचे नकाशे गेले. मिठाई आणणाऱ्याच्या समोर खावी लागे आणि खाताना डोळे मिटून "अहाहा" म्हणावे लागे, त्यामुळे सकाळचा वेळ त्यातच जाई. आरोग्य विभागाने गोड कमी खाण्याचे पत्रक काढले. ते घेऊन येणारे अधिकारी आदल्या दिवशी सुट्टीवर होते, म्हणून पत्रकासोबत खोकाही आला.

अखेर मिठाई समन्वय कक्ष स्थापन झाला. दोन माणसे फक्त कापायला आणि वाटायला. त्या दोघांवर कामाचा ताण येऊ लागल्याने त्यांना आणखी एक सुट्टी देण्यात आली. ते दोघे दोन-दोन खोके आणू लागले.

मे महिना संपता संपता फुमिएने वस्तरा चामड्यावर परजत विषय काढला.

"अहो, मला एक सांगा. मागच्या मंगळवारी तुम्ही कुठे होता?"

"तुझ्याबरोबर. मात्सुओकाला."

"मी मात्सुओकाला होते. तुम्ही मात्सुओकाच्या रांगेत होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

इवाकुरा बोटांवर रांगा मोजू लागला.

"आता नीट ऐका. येत्या मंगळवारी जर तुम्ही खोक्यासाठी माझ्या शेजारून उठलात, तर त्याच्या पुढच्या मंगळवारपासून मी दुकान उघडं ठेवणार. एकटीने पाय भिजवायला मला अंघोळीची बादली पुरे आहे."

फुमिए उगीच धमकी देणारी बाई नव्हती. इवाकुराने त्या मंगळवारी युनोसेच्या कुंडावरून बूड हलवले नाही. संध्याकाळपर्यंत ते बसून राहिले. ती मध्येच त्याच्या खांद्यावर डोके टेकून घोरली. वीस वर्षांत आपली बायको घोरते हे त्याला दिवसाउजेडी प्रथमच कळले, आणि त्याला फार बरे वाटले.

बुधवारी सकाळी तो विभागात शिरला. सगळ्यांनी सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघितले. हात रिकामे होते.

टंकलेखनाचा आवाज थांबला. कुबोने हातातली बशी हळूच खाली ठेवली. विभागप्रमुख हिराओका साहेब उठले, इवाकुराच्या पाठीवर हात ठेवून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कोण?"

रिकाम्या हातांचा मिनाहारात एकच अर्थ होतो. सुतकातला माणूस मिठाई वाटत नाही.

"साहेब, त्याचं असं झालं, माझी बायको..." इवाकुराने सुरुवात केली.

साहेबांनी डोळे मिटले आणि ते कमरेत काटकोनात वाकले. ते बराच वेळ वर येईनात. दाराबाहेर कुबोचा हुंदका ऐकू आला. एवढे वाकलेल्या वरिष्ठाला "आपला गैरसमज झाला" असे सांगणे म्हणजे त्याला भरसभेत तोंडावर पाडणे. इवाकुरा सभ्य माणूस होता. त्याने बायकोला मरू दिले.

"अंत्यसंस्कार?" साहेबांनी विचारले.

"घरातल्या घरात."

"तेच बरं. आता एक करा. आजपासून मोजलं तर सातवा दिवस येतो मंगळवारी. पुढचा सातवाही मंगळवारीच. असे सात सातवे, म्हणजे सुतकाचे एकोणपन्नास दिवस, होईपर्यंत मंगळवारी फक्त त्यांच्याजवळ बसायचं. दुसरा कसला विचार करायचा नाही. खोक्याचा तर नाहीच नाही."

संध्याकाळी इवाकुराने घरी येऊन साहेबांनी दिलेला सुतकाचा काळा टाय सोडला आणि झालेला प्रकार सांगितला.

"मेले मी?" फुमिए म्हणाली. "कशाने?"

"कोणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही ना."

"निदान काही चांगलं कारण तरी सांगून ठेवायचं! उद्या लोक म्हणतील, बाईचे हाल झाले." मग तिने बोटांवर काहीतरी मोजले. "सात मंगळवार? आणि खोका नाही?"

"एकही नाही."

"मग मेलेलीच बरी," असे म्हणून तिने भाताचा कुकर लावला.

दोन मंगळवार स्वर्गात गेल्यासारखे गेले. त्यानंतरच्या शनिवारी हिराओका साहेब दाढी करायला केशकर्तनालयात आले. दर महिन्याचा त्यांचा हा नेम, आणि नेम चुकवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुकान आता कोण चालवत असेल, हा प्रश्न मात्र त्यांना खुर्चीत बसल्यावर, तोंडावरचा गरम पंचा दूर झाल्यावर पडला. आरशात त्यांच्या मागे दिवंगत व्यक्ती वस्तरा घेऊन उभी होती.

 मग साहेबांनी, मान शक्य तितकी वाकवून, म्हटले, "ताई, आपण गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं."

"आपल्याला उगीच त्रास झाला, साहेब."

"छे छे. फार यातना वगैरे?"

"काही नाही. बसल्या बसल्या डोळा लागला, बस्स."

"नशीब लागतं." वस्तरा हनुवटीखाली आला, म्हणून साहेब थोडे थांबले. तो गालावर गेल्यावर त्यांनी चाचरत विचारले, "तिकडे... मंगळवारी गर्दी असते का हो?"

"युनोसेला? सगळी गर्दी मांजूच्या दुकानात. कुंडावर चिटपाखरू नाही."

"आणि पाणी?"

"कडक आहे. गुडघ्यांना उत्तम."

साहेबांनी आरशात स्वतःच्या अर्ध्या दाढीकडे बराच वेळ पाहिले. "मला एक सासू आहे," ते म्हणाले.

साहेबांच्या सासूबाई सोमवारी निवर्तल्या. इवाकुरा काटकोनात वाकला आणि साहेब "उठा" म्हणेपर्यंत वर आला नाही. बुधवारी समन्वय कक्षातल्या दोघांचेही चुलते एकाच वेळी गेले. कुबोचे जवळचे असे कोणी नव्हते. तिने घाईघाईने साखरपुडा केला आणि आठवडाभरात होणाऱ्या नवऱ्याला मुकली. तो तिला रोज संध्याकाळी कार्यालयाच्या फाटकावर न्यायला येई, आणि विभागातले लोक त्याच्याकडे पाहून हळहळत, "फार गुणी मुलगा होता." कोणी कोणाला काही विचारले नाही. विचारणे बरे दिसत नव्हते.

जुलैपर्यंत नगरपालिकेत काळा टाय न लावलेला माणूस दिसेना. मिठाईवाल्यांनी मोर्चा काढला. उदबत्तीवाल्यांनी दुसरे दुकान काढले. नकाशांवरचे खोके संपले, तेव्हा खाली गटारे सापडली आणि तीही साफ झाली. शंभर टक्के कर्मचारी आपली सुट्टी खरोखरीच घेतात असे देशातले हे एकमेव शहर ठरले, आणि ते पाहायला राजधानीहून समिती आली.

"इतर शहरांत आम्ही सुट्टी देतो, पण लोक घेत नाहीत," समितीचे प्रमुख म्हणाले. "आपल्याकडचं रहस्य काय?"

"माणसांविषयी जिव्हाळा," नगराध्यक्ष दंडावरची काळी फीत नीट करत गंभीरपणे म्हणाले. त्यांचे कैलासवासी वडील पाहुण्यांना चहा ओतत होते.

सातव्या मंगळवारी युनोसेच्या कुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. काठाने विभागातले सगळे मंगळवारवाले आपापल्या दिवंगतांना घेऊन बसले होते. हिराओका साहेबांच्या सासूबाईंनी चौथे अंडे सोलायला घेतले होते. "जिवंतपणी या जावयानं मला कधी कुठे नेलं नाही हो," असे त्या शेजारच्या चुलत्यांना सांगत होत्या.

इवाकुराचे लक्ष मात्र अंड्यात नव्हते. "आज संपलं," तो म्हणाला. "उद्यापासून मी सुतकातून बाहेर. पुढच्या मंगळवारी पुन्हा खोका."

फुमिएने पाण्यात पाय हलवला. "तुमचा थोरला भाऊ?"

"तो नगरपालिकेतच करवसुलीत आहे. लगेच कळेल."

"मग माझी कागोशिमाची मावशी." तिने तिथूनच फोन लावला. मावशीचा आवाज ठणठणीत होता.

"मारा की, मला काय!" मावशी म्हणाली. "फक्त वार कुठला ते आधी सांगा. पुढच्या महिन्यात पुतण्याने मला मारायचं ठरवलंय, आणि भाचीने दोन तारखा घेऊन ठेवल्यात. एकाच आठवड्यात दोनदा गेले तर लोकांना खरं वाटणार नाही. आणि हो, माझ्या नावाने कुंडावर बसणार असाल तर मलाही न्या!"

पुढच्या मंगळवारी मावशी दोघांच्या मधोमध बसली होती.

त्या लांबच्या गावातल्या भाबड्या लोकांना हसण्यापूर्वी वाचकांनी आपापले जुने रजेचे अर्ज आठवून पाहावेत. निसर्ग प्रत्येकाला दोनच आज्या देतो. त्यांतली एकेक आपण किती वेळा पोचवली, कोणत्या क्रिकेटच्या सामन्याला, कोणत्या लग्नाला, कोणत्या नुसत्या कंटाळ्याला, याचा आकडा जुळत असेल त्यांनी खुशाल हसावे. ज्यांचा जुळत नसेल, त्यांच्यासाठी एकच प्रश्न उरतो. इवाकुरा प्रत्येक मंगळवारी मेलेल्या माणसाच्या शेजारी बसून अंडी सोलत होता. आपण आजीला ज्या दिवशी मारले, त्या दिवशी तिला भेटायला गेलो होतो का?