शांतवनकाका उठेपर्यंत

मुलांनो, तुमच्यापैकी एकाने ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच थांबवलेलं आहे. वर पुन्हा म्हणाला आहे, "छान झालं हं, पण परत एकदा घेऊ. आणि जरा लवकर संपवा." मी नाव घेणार नाही. ज्याने हे केलं त्याला माहीत आहे. त्याने मोबाइल आत ठेवावा आणि मागे जाऊन बसावं. बाकीच्यांनी पुढे सरका.

तर, एका जंगलात दर रविवारी गाणी होत.

कसली गाणी? शुभवर्तमानाची. शहरात त्यांना गॉस्पेल म्हणतात आणि त्यासाठी एकसारखे झगे शिवून घेतात. जंगलात झगे नव्हते. प्रत्येकाला आपापलं कातडं होतं, तेवढं पुरायचं. या प्राण्यांचे खापरपणजोबा मोठ्या पुराच्या वेळी नोहाच्या तारवात होते. वर चाळीस दिवस पाऊस, खाली पाणी आणि शेजारच्या खोलीत वाघ. तिथून सुखरूप सुटल्यावर मुंगूससुद्धा गाणं म्हणेल. तेच गाणं चालत आलं होतं.

पाणी चढलं गळ्याला, देवा,
उचल, मला उचल.

झालं, एवढंच. कावळा मात्र गाण्याला कधीच यायचा नाही. तारवातून जमीन शोधायला बाहेर पाठवलेला कावळा परत का आला नाही, हा विषय त्याच्या घरात अजून नाजूक होता.

या गाण्याला एक नियम होता. ज्याचं मन जड असेल त्याने खाली बसायचं. बाकीच्यांनी उभं राहून गायचं. आणि शेवटची ओळ, बसलेला प्रत्येक जण उठेपर्यंत म्हणत राहायचं. का बसलास, असं विचारायचं नाही. नुसतं गायचं.

नियम सोपा होता, पण प्राणी अवघड होते. अस्वलाचा मध चोरीला गेला तेव्हा ते चार वेळा ओळ म्हटल्यावर उठलं. कासव बसलंय की उभं आहे हे कुणालाच कळत नसे, त्याला दर वेळी वाकून बघावं लागे. साप उभा राहिला म्हणजे नेमकं काय झालं, यावर तीन वार्षिक सभा झाल्या. शेवटी फणा काढला की उठला असं धरायचं ठरलं.

पुढे उभी राहून गाणं सांगायची शलोमीबाई. ती रानम्हैस होती. तिचा आवाज डबक्याच्या तळातून निघायचा आणि झाडाच्या शेंड्यावरची घरटी हलवायचा. वीस वर्षांत तिने एकालाही बसलेलं सोडून गाणं संपवलं नव्हतं. याचा तिला थोडा गर्व होता. तो गर्व आहे हे कबूल करून ती अधूनमधून स्वतःही खाली बसायची.

आणि मग शांतवनकाका बसले.

शांतवनकाका म्हणजे म्हातारं साळिंदर. त्यांची सरलाकाकू गेली आणि पुढच्या रविवारी ते पहिल्या रांगेत जमिनीवर बसले. त्या दिवशी ओळ शंभर वेळा झाली. काका उठले नाहीत. दुसऱ्या रविवारी तीनशे वेळा. काका तसेच. असे नऊ रविवार गेले. संध्याकाळी ते उठायचे, पण ते घरी जायला. ते उठणं धरायचं का, यावर मतभेद होते.

"नाही धरायचं," शलोमीबाई म्हणायची. "ते गुडघ्यांनी उठतात. मनाने नाही."

"बाई, आमची मनं पण बसायला लागलीत," मंडळीचे सेक्रेटरी रत्नाकर वानर म्हणाले. "नऊ रविवार गार जेवतोय आपण. पुढच्या वेळेपासून ओळ दहा वेळा. मग आमेन, मग जेवण."

"आणि काका?"

"काकांचं आम्हाला वाईट वाटतंच. पण रिकाम्या पोटी किती वाईट वाटून घेणार?"

मागून बऱ्याच जणांनी शेपट्या हलवल्या. शलोमीबाईने घसा साफ केला. तो नऊ रविवारांत पार सोलवटून निघाला होता. रोज सकाळी ती मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होती, आणि म्हशीच्या गुळण्या म्हणजे ओढ्याकाठच्या सर्वांनाच त्रास.

"एक रविवार द्या," ती म्हणाली. "येत्या रविवारी काका उठले नाहीत, तर तुमचं दहा वेळा. मी काही बोलणार नाही."

"ठरलं," सेक्रेटरी म्हणाले.

नेमक्या त्याच रविवारी फिल्मवाले आले.

दिग्दर्शक होता धनेश. धनेश पक्ष्याच्या चोचीवर निसर्गानेच टोपी बसवलेली असते, त्यामुळे त्याला लहानपणापासून सगळे दिग्दर्शकच समजत आले होते. साउंडचं काम वटवाघळाकडे होतं. ते हेडफोन लावून फांदीला उलटं लटकलं आणि लगेच झोपल्यासारखं दिसू लागलं.

धनेशाने एकदाच गाणं ऐकलं आणि पंख पसरले.

"बाई! आवाज आहे का भूकंप! सात जंगलांत पडद्यावर दाखवणार मी हे. एका दुःखी जीवाला गाणं कसं उचलतं! फक्त एक करा. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपवा."

"काका उठले की संपेल," शलोमीबाई म्हणाली.

"कधी उठतात ते?"

"ते कसं सांगणार?"

"अहो, मग विचारा त्यांना!"

"विचारत नसतात."

धनेशाने काकांकडे पाहिलं. काका मातीकडे पाहत होते.

"हे चेहऱ्यावर काहीच देत नाहीयेत," धनेश पुटपुटला. "काळजी नको. मी माझा दुःखी जीव आणलाय."

त्याने टाळी वाजवली. झुडपामागून एक देखणा चितळ आला. ठिपके नुकतेच पुसल्यासारखे लख्ख. तो येऊन काकांच्या जागी बसला. काकांना दोन हात डावीकडे सरकवण्यात आलं.

"तिथे ते दिसणार नाहीत," धनेश म्हणाला. "पण असतील हं. मनाने आपल्यातच असतील."

शलोमीबाईच्या नाकातून वाफ निघाली. पण सेक्रेटरी कानाशी येऊन कुजबुजले, "बाई, सात जंगलं! आणि गाणं तेच आहे ना? कुणास ठाऊक, या गडबडीत काका उठतीलही." हे शेवटचं वाक्य तिला पटलं. आशा असली की म्हशीलासुद्धा काहीही पटतं.

शूटिंग सुरू झालं.

पहिल्या टेकला चितळ फार लवकर उठला. दुसऱ्याला फार उशिरा. तिसऱ्याला बरोबर उठला, पण त्याच्या कानावर माशी होती. चौथ्याला माशी नव्हती, पण धनेशाला ती आता आवडू लागली होती. हत्तीला सांगण्यात आलं, "तुम्हीही बसा, म्हणजे उठताना भव्य दिसाल." हत्ती बावीस वर्षांनी पहिल्यांदाच बसला. त्याला उठवायला सहा गवे आणि जेवणाची आशा लागली. ते सगळं फारच भव्य झालं, पण त्यात अकरा मिनिटं गेली म्हणून कापलं.

"बाई, टाळ्या उत्स्फूर्त हव्यात," धनेश ओरडला. "मी हात वर केला की उत्स्फूर्त. खाली केला की बंद."

चौदावा टेक. उचल, मला उचल. हात वर, टाळ्या उत्स्फूर्त. तीन मिनिटं पस्तीस सेकंदांनी चितळाच्या डाव्या डोळ्यातून एकच थेंब आला, गालाच्या मधोमध थांबला, चमकला. चितळ उठला.

"कट! ओके!"

सगळे नाचले. डब्यांची झाकणं उघडली. वायरी गुंडाळायला सुरुवात झाली.

शलोमीबाईने डावीकडे पाहिलं. काका बसलेलेच होते.

तिचं तोंड मिटलंच नाही. "उचल, मला उचल," ती गातच राहिली.

"बाई, कट झाला," धनेश म्हणाला.

"उचल, मला उचल."

"शलोमीबाई, भाकरी गार होतेय!" सेक्रेटरी म्हणाले.

"उचल, मला उचल." आवाज आता फाटका येत होता, फुटक्या डब्यातून आल्यासारखा. पण येत होता. अस्वलाने हातातली भाकरी खाली ठेवली आणि ढोलकी ओढली. जरा चिडूनच ओढली, पण ओढली. मग हत्ती. मग मुंगूस.

तेवढ्यात एक गंमत झाली. चितळ पुन्हा खाली बसला.

"अरे ए, पॅकअप झालंय!" धनेश म्हणाला.

"मला माहितेय, सर," चितळ म्हणाला. "मी असाच बसलोय. चौदा वेळा उठलो, पण बसलो कशाला होतो तेच कळेना. आता कळतंय."

आणि तो रडू लागला. दोन्ही डोळ्यांनी, नाकानेसुद्धा. अजिबात देखणं दिसत नव्हतं.

धनेशाला हसू आलं. मग हसता हसता तो एकदम मान वळवून लांबच्या झाडांकडे पाहू लागला.

"काय झालं?" मुंगसाने विचारलं. विचारायचं नाही हा नियम आहे, पण मुंगूस ते मुंगूस.

"माझी बायको ढोलीत आहे," धनेश म्हणाला. "अंडी घालून बसलीय. ढोलीचं तोंड लिंपलेलं, चोच जाईल एवढीच फट. आमच्यात नवऱ्याने दाणापाणी भरवायचं असतं."

"मग कोण भरवतंय?"

"असिस्टंट."

सगळं जंगल त्याच्याकडे पाहू लागलं. धनेश टोपीसकट खाली बसला.

"उचल, मला उचल," शलोमीबाई गात होती. आता तिघे बसले होते आणि तिच्या पायांत गोळे आले होते.

तेव्हा शांतवनकाकांनी मान वर केली. त्यांनी चितळाकडे पाहिलं. धनेशाकडे पाहिलं. नीट हिशेब केल्यासारखं पाहिलं.

"शलोमी," ते म्हणाले, "हे दोघं बसलेत. म्हणजे आता मी उठलो, तरी गाणं थांबणार नाही ना?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की."

काका उठले. अगदी सहज उठले. काटे झटकले आणि चितळाच्या शेजारी जाऊन गायला उभे राहिले.

शलोमीबाईची एक ओळ चुकली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"काका! तुम्हाला उठता येत होतं?"

"दुसऱ्याच रविवारी येत होतं गं," काका म्हणाले. "पण मी उठलो की तुम्ही थांबता. मग घरी जायचं. सरला झोपेत काटे खडखडवायची. आता घरात फक्त माझेच ऐकू येतात."

"नऊ रविवार, काका! माझा घसा गेला! मी मिठाच्या गुळण्या करतेय!"

"माहितेय. आठव्या रविवारी तू बेसूर झाली होतीस. मी काही बोललो नाही."

"आधी सांगायचं होतंत ना!"

"तुम्ही विचारायचं होतंत."

अस्वलाने ढोलकीवर उगीच एक थाप मारली.

"काका उठले!" सेक्रेटरींनी शेपटी उंच केली. "जिंकलात, बाई! आमेन! जेवण!"

"अजून दोघे बसलेत," शलोमीबाई म्हणाली आणि तिने सूर धरला.

चितळ दुपारी उठला. धनेश उठला तो सरळ ढोलीच्या दिशेने उडून गेला. ते उठणं धरायचं का, यावर या वेळी मतभेद झाले नाहीत.

फिल्म मात्र चौदाव्या टेकचीच निघाली. ती सातही जंगलांत धो धो चालली. तिथे आता रविवारी पडदा लावतात. चितळ उठला की सगळे उठतात आणि गरम जेवतात. जो उठत नाही त्याला शेजारी कोपराने ढोसतात. आपल्या जंगलातही सेक्रेटरींनी पडदा आणला. त्यामुळे आता तिथे दोन उपासना होतात. पहिली तीन मिनिटं चाळीस सेकंदांची. तिला फार गर्दी असते. दुसरी शलोमीबाईची. ती कधी संपेल हे कुणी सांगत नाही, आणि शांतवनकाका तिला कधीच बसत नाहीत.

फिल्मच्या शेवटी जोडलेलं तात्पर्य: मुलांनो, दुःख झालं तर अवश्य बसावं, पण तीन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत उठावं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ते दुःख नसून नियोजनाचा अभाव आहे. आणि कुणी तुमच्यासाठी गात उभं राहिलं, तर त्याला वेळेवर कट म्हणावं. नाहीतर त्याची भाकरी गार होते आणि तुम्हाला त्याची सवय लागते.

हे तात्पर्य रेकॉर्ड करून झालं तेव्हा वटवाघळाने एक डोळा उघडला. "टेक ओके आहे," ते म्हणालं, "फक्त मागे अजून कुणीतरी गातंय. ते काढू, की राहू दे?"