केंदूर आठ

अब्राहामने केंदूरच्या रस्त्यावरचा आठवा दगड गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास रोवला, आणि दुपारच्या भाकरीच्या वेळेला हौसरावांच्या मालनचं लग्न मोडलं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्या बिचाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत कळलं नाही. तो आपला पहार खांद्यावर टाकून घरी गेला, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाला, "प्रेमा, झालं गं काम. आठीच्या आठी दगड ओळंब्यात हायती."

अब्राहाम मैलकुली होता. केंदूरपासून खडकओढ्यापर्यंतचा पाच मैलांचा कच्चा रस्ता सव्वीस वर्षं त्याच्या हाताखाली होता. खड्ड्यात मुरूम टाकायचा, कडेच्या चाऱ्या काढायच्या, लिंबांच्या बुंध्यांना चुना लावायचा आणि मैलाच्या दगडांवरचे आकडे दरसाल काळ्या रंगाने गिरवायचे, हे त्याचं काम. शिरूरच्या मिशनच्या शाळेत तो चार बुकं शिकला होता. त्यामुळे त्याच्या रस्त्यावरचा पाच हा पाचासारखाच दिसायचा. शेजारच्या रस्त्यावरच्यासारखा उलटा टांगलेला नसायचा.

मग लोकल बोर्ड गेलं आणि जिल्हा परिषद आली. पाठोपाठ मैल गेला आणि किलोमीटर आला. एके दिवशी लॉरीने आठ नवे दगड आणून टाकले आणि जुने पाच उपटण्याचा हुकूम झाला. अब्राहामने तो पाळला. जुन्या दगडांपैकी पाच नंबरचा दगड चांगला सपाट होता. प्रेमाबाईने तो धुणं धुवायला मागितला, आणि सरकारला तो नको होता म्हणून अब्राहामने दिला.

हा पाच नंबरचा दगड खडकओढ्याच्या वेशीत होता. "केंदूर ५" एवढंच त्याच्यावर लिहिलेलं. त्या पाचावर हौसरावांच्या घरात एक लग्न उभं होतं.

हौसराव गावचे पंच. जमीनजुमला बरा, शब्दाला वजन. पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या आईचा, झुंबरबाईचा. म्हातारीने एक अट घातली होती: नातीला पाच मैलांच्या पुढे द्यायची नाही. या अटीपायी रांजणगावचं स्थळ गेलं, शिक्रापूरचं गेलं. एक तालेवार बागाईतदार तर दोनदा येऊन गेला. म्हातारीने त्याला "तुमचं गाव लांब" एवढंच सांगून दोन्ही वेळा गूळपाणी देऊन वाटेला लावलं. शेवटी केंदूरच्या जयसिंगरावांचा मच्छिंद्र पसंत पडला. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी म्हातारी स्वतः वेशीत गेली, दगडावरच्या पाचावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "करा."

म्हातारीला अक्षर येत नव्हतं, आकडा येत होता.

गुरुवारी ती वेशीतल्या पारावर बसायला गेली आणि तिथूनच तशीच परत फिरली. घरात पाच-सहा बाया हळद कुटत होत्या. लग्न अकरा दिवसांवर आलेलं.

"उठा गं. ठेवा ती मुसळं," म्हातारी म्हणाली. "लगीन न्हाई व्हायाचं."

हौसराव ताटावरून उठून आले. "का गं आई? काय झालं?"

"केंदूर आठ झालं."

हौसरावांना क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं आणि त्यांना हायसं वाटलं. "अगं, ते किलोमीटर हायती. सरकारनं मैल बंद केलं. आता किलोमीटर."

"म्हंजी काय?"

"म्हंजी मैलापरीस लहान असतंय ते."

"लहान असतंय, मग आकडा मोठा कसा झाला?"

"लहान हाय म्हनूनच मोठा झाला."

म्हातारीने लेकाकडे बराच वेळ पाहिलं. "हौसा, तू पंच हायस. गावाचा न्याय करतोस. असलं बोलत जाऊ नगं."

हौसरावांनी मग दोरीचा तुकडा आणला, सुपं मांडली, पायलीचं धान्य चिपट्याने मोजून दाखवलं. म्हातारीने सगळं शांतपणे पाहिलं. पायली तिला समजत होती, चिपटंही समजत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की मोजणारा सरकारचा, माप सरकारचं, आणि सरकारने तीन वाढवले असतील तर त्याला काहीतरी ठाऊक असेल. मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. रात्री तिने भाकरी खाल्ली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

निरोप केंदूरला पोचला तो असा: "अंतर वाढलं, म्हणून लग्न राहिलं." जयसिंगरावांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. शुक्रवारी सकाळीच ते बैलगाडी जुंपून आले आणि पायतण न काढता ओसरीवर उभे राहिले.

"पाव्हणं, दुसरं स्थळ बघितलं आसल तर तसं सांगा. अंतर वाढलं म्हंजी काय? आमी घरं उचलून माळावर न्हेली का?"

"तसं न्हाई हो, जयसिंगराव. बसा तर. त्यो दगड..."

"दगड? माज्या पोराच्या लग्नात दगड कुठनं आला?"

हौसरावांनी त्यांना वेशीत नेऊन दगड दाखवला. जयसिंगरावांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि मग दोघेही व्याही अब्राहामच्या घराकडे निघाले. आपल्या घराकडे गावचे पंच आणि परगावचा पाटलासारखा माणूस मिळून येताना पाहून अब्राहाम उठून उभा राहिला. आपल्या कामाचं कौतुक झालं असावं, असं त्याला वाटलं.

"अब्राहाम," हौसराव म्हणाले, "त्यो आठ पुसून पाच कर."

"आन् ते कसं करू?" अब्राहाम म्हणाला. "आठ हाय ते."

"अकरा दिसांपुरता कर. वरात गेली की पुन्ना आठ कर."

"हौसराव, तुमी म्हनाल तर तुमच्या मळ्याची वाट फुकाट करून दीन. पन दगडावर खोटं न्हाई लिव्हायचं. वाटंचा मानूस त्याच्यावर इस्वास ठिवून चालतो."

जयसिंगराव तापले, आणि दोघं आले तसे गेले. अब्राहाम मात्र बसून राहिला. मालनला त्याने पाळण्यापासून पाहिलं होतं. प्रेमाबाई धुण्याचा पिळा हातात घेऊन त्याच्यापाशी आली.

"अहो, जुना दगड तरी खोटा न्हाई ना?"

"न्हाई. त्यो बी खराच."

"मग दोन्ही खरं हायती तर दोन्ही राहू द्या की."

हे अब्राहामला पटलं. दुपारी त्याने धुण्याचा दगड घासून पुसून वेशीत नेला आणि नव्याच्या शेजारी रोवला. आता वेशीत "केंदूर ५" आणि "केंदूर ८" हे एकमेकांना खेटून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत सगळा गाव तिथे जमला. कुणी म्हणालं पाच जायचे आणि आठ यायचे. कोंडिबा गाडीवान म्हणाला की बैलगाडीला पाच आणि पायी जाणाराला आठ, आणि हे बऱ्याच जणांना पटलं. झुंबरबाई आली, तिने दोन्ही दगड पाहिले आणि म्हणाली, "एका तोंडानं बोलत हुता तवा मी ऐकून घेतलं. आता दोन तोंडं झाली."

शनिवारी ओव्हरसिअर साहेब सायकलवरून आले. त्यांना ऊन लागलं होतं. दोन्ही दगडांसमोर ते पुष्कळ वेळ उभे राहिले, मग खिशातून वही काढली. एकाच ठिकाणाहून एकच गाव दोन अंतरांवर कसं आहे, याचा लेखी खुलासा मैलकुलीने आठ दिवसांत करावा, नाहीतर पुढील कारवाई होईल. असं लिहून कागद अब्राहामच्या हातात देऊन ते निघून गेले. अब्राहामने पाच नंबरचा दगड पुन्हा उपटला. सव्वीस वर्षांत त्याला लिहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. कागद घडी घालून त्याने टोपीत ठेवला, आणि त्या दिवशी त्याचंही जेवण झालं नाही.

सोमवारी दिवस उगवायला झुंबरबाई त्याच्या दारात उभी होती. हातात काठी, पदर खोचलेला.

"चल अब्राहाम. मला चालून बघायचंय."

"आजी, तुमचं वय..."

"माजं वय मला ठावं हाय. दगड तुजं हायती, तवा तू चल."

हौसरावांनी गाडी आणली, हात जोडले. म्हातारी गाडीत बसली नाही. गाडीही मागे येऊ दिली नाही. कारण तिच्या मते पोरीला सासरी काही झालं आणि माहेरी यायचं असलं, तर तिच्यासाठी कुणी गाडी जुंपून ठेवत नाही.

माघातली सकाळ होती. दोघं निघाली. म्हातारी पुढे, अब्राहाम चार पावलं मागे, रस्त्याच्या कडेने. पहिला ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळ्या मागे पडल्या, आणि समोर दगड दिसला.

"ह्यो कितीचा?"

"सात."

"आलं बी?" म्हातारी म्हणाली.

पुढे सहा आला, तोही तिला लवकर आल्यासारखा वाटला. पाचापाशी ती थांबली, दगडावरून हात फिरवला आणि पुन्हा चालू लागली. चारापाशी मात्र तिचा श्वास लागला आणि ती दगडाच्या शेजारी खाली बसली. अब्राहाम समोरच्या बाजूला उकिडवा बसला.

"तुला माजी साखर आठवती का?" म्हातारीने एकदम विचारलं.

अब्राहामने मान हलवली. साखरबाई म्हातारीची थोरली लेक. दौंडाच्या पल्याड दिली होती.

"तिचं दुखनं इकोप्याला गेल्याचा सांगावा तिसऱ्या दिशी आला. आमी गाडी जुपली. मालक आन् मी. भीमंला पानी हुतं, नाव सुटंना. पलीकडं गेलो तर वाट ठावी न्हाई. ज्याला इचारावं त्यो म्हनायचा, हे काय, जवळच हाय. सकाळी जवळच, दुपारी जवळच, दिवस बुडताना बी जवळच." तिने काठीचं टोक मातीत फिरवलं. "कुनी सांगितलं असतं, अजून धा कोस हाय, तर मी बैलं मारली असती पळवून. जवळच हाय म्हनून आमी बैलांस्नी पानी पाजत बसलो. पोचलो तवा राख बी गार झाली हुती."

अब्राहामने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याने जन्मभर दगड रंगवले होते. ते कुणाला कशासाठी हवे असतात, हे त्याला आज कुणीतरी सांगितलं होतं.

"चार ऱ्हायलं न्हवं?" म्हातारी काठीवर भार देत उठली.

"चारच. त्यातलं एक बी जास्त निघालं तर मला हितंच पुरा."

तीन आला, दोन आला. ऊन चढलं. एकाच्या दगडापाशी म्हातारीचे ओठ सुकून पांढरे पडले होते, पण ती थांबली नाही. केंदूरच्या वेशीत त्यांना पहिल्यांदा मच्छिंद्रनेच पाहिलं. तो बैल पाण्यावर नेत होता. म्हातारीला ओळखून तो बैल तिथेच सोडून घराकडे पळत सुटला, आणि दोघं जयसिंगरावांच्या अंगणात पोचली तोवर घरची आणि आळीतली मिळून वीसेक माणसं गोळा झाली होती.

जयसिंगराव पुढे आले नाहीत. ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. लग्न मोडणारी म्हातारी त्यांच्या दारी पायी चालत आली होती, आणि तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. त्यांच्या बायकोला सुचलं. तिने तांब्या भरून आणला आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवला.

"आत्याबाई, पानी घ्या. लय चालून आलासा."

अंगण एकदम गप्प झालं. लेकीच्या सासरी, तिला मूल होईपर्यंत, माहेरचं वडीलधारं माणूस पाण्याचा थेंब घेत नाही. म्हातारी पाणी प्याली तर हे घर तिच्या नातीचं नव्हे, परक्याचं. तांब्या पुढे ठेवणाऱ्या बाईलाही हे मागाहून लक्षात आलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. मच्छिंद्र बैलांचा कासरा हातात गुंडाळत राहिला. बैल कुठेच नव्हते.

झुंबरबाईने तांब्या उचलला. पाणी गार होतं. तांब्याला बाहेरून दहिवर आलं होतं. तिने ते पाहिलं, गिळायला काही नसताना आवंढा गिळला, आणि तांब्या दोन्ही हातांनी परत जमिनीवर ठेवला.

"पोरीच्या सासरचं पानी मी पीत न्हाई," ती म्हणाली.

कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. जयसिंगराव खांब सोडून खाली आले आणि आपलं पायतण काढून म्हातारीच्या पाया पडले. घरात बाया हसू लागल्या. सगळ्यांचं एकदम सुरू झालं, आणि म्हातारी तहानेने बसल्या जागी कलली तेव्हा ते फक्त अब्राहामने पाहिलं.

रस्त्यावर राबणाऱ्याच्या खांद्याला असतो तसा त्याच्याही खांद्याला पाण्याचा भोपळा होता. सबंध वाटेत त्याने तो पुढे केला नव्हता आणि तिनेही मागितला नव्हता. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिचं घर कुठलं आणि त्याचं कुठलं, हे खडकओढ्यात कुणाला सांगावं लागत नसे.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि ओंजळ पुढे केली.

"आजी..." अब्राहाम म्हणाला.

"वत," म्हातारी म्हणाली.

अंगण दुसऱ्यांदा गप्प झालं. म्हातारी प्याली, सावकाश, पुन्हा पुन्हा ओंजळ धरून, भोपळा रिकामा होईपर्यंत. मग ओला हात तोंडावरून फिरवून ती व्याह्यांकडे वळली.

"लगीन ठरल्या दिशी," ती म्हणाली. "पन एक ध्यानात ठिवा. माजी नात येईल-जाईल ती आठाच्या वाटंनं. पाच मैल लय लांब पडत्यात."