हवा तिघांपुरती

संकट कोणतंही असो, त्यात नेमकं काय करायला हवं होतं हे सोफ्यावर बसलेल्या माणसाला सर्वांत आधी कळतं. प्रत्यक्ष संकटात सापडलेल्यांना सोफ्याची सोय नसते, आणि म्हणूनच ते हकनाक मरतात.

या शास्त्रातले अधिकारी पुरुष म्हणजे एका विमा कचेरीतले आगीच्या सरावाचे प्रमुख. कचेरीत त्यांना सगळे 'प्रमुख' म्हणत, आणि घरीही तेच चालावं एवढी त्यांची माफक अपेक्षा होती. गळ्यात शिट्टी अडकवून चारशे माणसांना जिन्यावरून रांगेत उतरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत कचेरीला आग लागली नाही, याचं सगळं श्रेय ते सरावाला देत. (एकदा कचऱ्याच्या टोपलीनं पेट घेतला होता. ती साफसफाईच्या बाईंनी बादलीभर पाणी ओतून विझवली. प्रमुख त्या वेळी शिट्टी शोधत होते.)

तर त्या रविवारी दुपारी एका नव्या मालिकेचा शुभारंभ होता. पहिले दोन भाग लागोपाठ. मालवाहू अंतराळयान अनोळखी ग्रहावर आपटतं, बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही, आत वाचलेले आठ जण आणि टाकीत हवा सातांपुरती, असं कथानक. घरची आसनव्यवस्था प्रमुखांनी आदल्या दिवशीच जाहीर केली होती. मध्ये ते स्वतः, डावीकडे रुग्णालयात परिचारिका असलेली पत्नी, उजवीकडे लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारी मुलगी, आणि आरामखुर्चीत त्यांची आत्या, जिला ऐकू बेताचंच येई. रिमोट कुणाच्या हाती असणार, हे जाहीर करण्याची गरज नव्हती.

पहिला भाग पाऊण तासाचा होता. तो संपायला दोन तास लागले, कारण प्रमुख दर चार वाक्यांनी चित्र थांबवून यानातल्या मंडळींच्या चुका खणखणीत आवाजात समजावून सांगत होते. भागाअखेर त्यांचे निष्कर्ष असे होते. यानाला जिना नाही. कप्तानाकडे शिट्टी नाही. संकटसमयी जमण्याची जागा कुणी आखून ठेवलेली नाही. जांभळ्या प्राण्यानं यांत्रिकाचा पाय धरला यात प्राण्याचा काडीचाही दोष नाही. यांत्रिक रांग सोडून गेला होता. (प्राणी मात्र शेवटपर्यंत रांगेत होता, हे त्यांनी कौतुकानं नोंदवलं.)

शेवटच्या दृश्यात कप्तानानं एकेकाला विचारलं, "तुझा उपयोग काय?" आणि पडदा काळा झाला.

प्रमुखांच्या अंगात वारंच शिरलं. दुसरा भाग लावण्याआधी आपणही सराव करायचा, असं त्यांनी फर्मावलं. दिवाणखाना म्हणजे यान, गॅलरी म्हणजे ग्रह, माणसं चार आणि हवा तिघांपुरती. मुलीला हसू आवरेना, पण ती तयार झाली. पत्नी म्हणाली, लवकर काय ते उरका.

पत्नीनं सांगितलं की ती जखमा शिवेल. मुलगी म्हणाली, यान ग्रहावरून उडवणं जमेल की नाही माहीत नाही, पण सातव्या मजल्यापर्यंत नक्की नेईन. आत्यानं सांगितलं की ती जेवते थोडं, झोपते जास्त, आणि हवाही बेतानंच घेते. मग सगळ्यांनी प्रमुखांकडे पाहिलं.

"मी निर्णय घेतो," प्रमुख म्हणाले.

मुलीनं विचारलं, कोणते? ते संकटावर अवलंबून राहील, असं उत्तर मिळालं.

कुणाला बाहेर काढायचं याचं मतदान डोळे मिटून हात वर करण्याच्या पद्धतीनं करायचं ठरलं. प्रमुखांनी डोळे उघडे ठेवले, कारण मोजणार कोण? आता हिशेबानं आत्या जाणार हे त्यांना दिसत होतं, आणि माणूस मनानं मोठा. म्हणून स्वतःचं नाव पुकारताच त्यांनी स्वतःचाच हात वर केला. बाकीच्या तिघी आपल्याला गहिवरून अडवतील, मग आपण नाही-होय करत थांबू, असा त्यांचा बेत होता. पाहतात तो चार हात वर. निकाल एकमतानं लागला, आणि तो जाहीर करण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येऊन पडली.

सत्तांतर शांततेत झालं. त्यांनी रिमोट मुलीच्या हाती दिला आणि ग्रहावर पाऊल ठेवलं. पत्नीनं ऊन आहे म्हणून मागून टोपी दिली आणि गॅलरीच्या दाराला आतून कडी घातली. काचेतून त्यांना दिसलं, की दुसरा भाग सुरू झाला आहे आणि कुणी एकदाही थांबवत नाही. प्रमुखांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रडूच आलं, पण सरावाच्या नियमांत रडण्याची तरतूद नव्हती.

त्यांनी तोंड फिरवलं, तर समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत एकेक माणूस उभा होता. सेवानिवृत्त न्यायाधीश, संगीत शिक्षिका, ज्याला त्याला व्यायाम सुचवणारे एक जावई, मक्याच्या लाह्यांचा वाडगा घेऊन एक कंत्राटदार. मालिका सगळीकडेच लागली होती, आणि प्रत्येकाच्या पाठीमागचं दार आतून लावलेलं होतं. प्रमुखांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली, आवाजी मतदानानं समिती स्थापन केली, आणि प्रत्येकाला आपला उपयोग सांगायला लावला. प्रत्येकानं सांगितलं, "मी निर्णय घेतो." त्यामुळे समितीला अकरा अध्यक्ष लाभले आणि सभासद एकही मिळेना.

इकडे आत आत्यानं काठी आपटली. "बाळ कुठाय?"

त्याला आपणच बाहेर काढलं, तुम्हीही हात वर केला होता, अशी आठवण पत्नीनं मोठ्यानं ओरडून दिली.

"केला होता. हवा कमी होती म्हणून केला," आत्या म्हणाली. "पण मला त्या डब्यातलं काही ऐकू येत नाही. तो बोंबलतो तेव्हा गोष्ट कळते. त्याला घ्या आत, माझी हवा त्याला द्या."

कडी निघाली. फक्त आत्याला सांगायचं, चित्र थांबवायचं नाही आणि शिट्टी दाराबाहेर, या तीन अटींवर प्रमुखांची पुन्हा नेमणूक झाली. ते आरामखुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि घसा फुटेस्तोवर सांगत राहिले. यानाला जिना कसा नाही, हेही त्यांनी सांगून घेतलं. आत्यानं त्यांच्या टोपीवर हात ठेवला होता. इतकं सुख त्यांना चारशे माणसं उतरवतानाही मिळालं नव्हतं.

समोरचे दहा अध्यक्ष मात्र अजून बाहेरच आहेत. त्यांच्या घरात सगळ्यांचे कान शाबूत आहेत.

वाचकहो, आपल्या घरातून कोण जाईल हे तुम्ही मघाशीच मनात ठरवून टाकलंत, आणि तेही कुणाला न विचारता. निर्णय छान घेता तुम्ही. आता एवढंच करा, गॅलरीची कडी बाहेरूनही निघते का, ते आजच पाहून ठेवा.