सोंगटी ठेवायची कुठे

आईच्या वस्तूला न विचारता हात लावायचा, हे आमच्या पद्माकरला कोणी शिकवलं देव जाणे. मी तर नाही. माझे रांगोळीचे भोकाभोकांचे छापे चार दिवस सापडेनात, आणि सापडले ते त्याच्या टेबलावर, निळ्या शाईने माखलेले.

पद्माकर विमानांच्या कारखान्यात नकाशे काढतो. पट्टी हातात दिली तर स्क्रूचा आटा केसभर चुकायचा नाही. पण घरी त्याने एकट्याने एक पटाचा खेळ जुळवला होता, जंगलातून घरी पोचायचा, आणि त्यात वाघ लागत होता. त्याने काढलेला वाघ पाहून सून हेमलता म्हणाली, "म्हैस छान आलीय."

शिवाजीनगरातले खेळण्यांचे कानडी दुकानदार अप्पासाहेब रविवारी पट बघायला येणार होते. पसंत पडला तर दुकानात ठेवणार. सहा महिन्यांची खटपट त्या एका दुपारवर टांगलेली. म्हणून या पठ्ठ्याने जंगलच रद्द केलं. छाप्यांच्या भोकांतून शाई घालून शंख, कमळं, गोपद्मं उठवली, आणि वर चढायला लक्ष्मीची पावलं. पट खरंच देखणा झाला. मी त्याला तसं सांगितलं नाही.

रविवारी अप्पासाहेब ऐसपैस बसले. हेमलताला पहिलंच दान चार पडलं. चौथ्या घरात लक्ष्मीचं पाऊल. ती सोंगटी हातात धरून बसली.

"ठेव की," पद्माकर म्हणाला.

"देवीच्या पावलावर? मी नाही बाई. पाचव्या घरात ठेवते."

"पाच पडलेले नाहीत."

"मग तुम्हीच ठेवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बघतच होते. त्याचाही हात मागे आला.

अप्पासाहेबांना सहा पडले, तिथे शंख. "स्वल्प थांबा," म्हणत त्यांनी सोंगटी बाजूला ठेवली आणि हात जोडले. अर्धा तास झाला, पटावर एक सोंगटी चढली नाही. पद्माकरचा चेहरा उतरला.

शेवटी अप्पासाहेबांनी पट उचलून डोळ्यांना लावला. "सरी, चालेल, अक्का," ते मला म्हणाले. " दोन डझन पाठवा. वरमहालक्ष्मीच्या पूजेला बायका हातोहात नेतील. फासे-सोंगट्या तेवढ्या नकोत."

"पण अप्पासाहेब, यात नियम असा आहे की सहा पडले तर..."

"पद्मा," मी म्हटलं, "खेळ करायला बसलास आणि देव घडवलास. गिऱ्हाईक पाया पडतंय, त्याला नियम सांगू नयेत."