बखर आठव्या काडतुसाची

श्रीगजानन समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, सुभे मिनेसोटा, कसबे ईडन प्रेरी येथील मुक्कामी राजश्री मोरेश्वरपंत यांणी दारूगोळ्याची मसलत कैसी केली, गोळी कोणती पसंत पडली, आणि सुलभाबाईसाहेबांचे गुण अखेर दप्तरी कैसे चढले, याचा मजकूर, चुकलेमाकले काही न लपवता, येणेप्रमाणे.

सुलभाबाई हे पंतांचे कुटुंब. माहेर नागपूर, पेशा औषधांच्या दुकानी फार्मासिस्ट, वय अठ्ठावन्न. सहा सालांमागे दुकानातील एका सहकारिणीसंगे सहज म्हणून पिस्तुलाच्या रेंजवर गेल्या, आणि परतल्या त्या स्पर्धेचा फॉर्म भरूनच परतल्या. पंत त्या समयी सॉफ्टवेअर तपासण्याच्या चाकरीतून निवृत्त होऊन रिकामे जाहले होते, आणि रिकाम्या पंतांचा घरास उपद्रव फार, ते फ्रीजमधील डब्यांवर तारखा लिहू लागले होते. म्हणून बाईसाहेबांनी त्यांस काडतुसे घरी भरण्याच्या कामी दरोगा नेमिले. गराज दोन मोटारींचे, पैकी एक मोटार बाहेर बर्फात काढिली, आणि तिचे जागी कारखाना उभा राहिला. भरणीचे यंत्र आले, तराजू आला, गोळ्यांच्या बरण्या आल्या, आणि पंतांची वही आली.

आता या खेळाचा कायदा ऐसा की, कोणी काडतूस हलके भरून हातास बसणारा झटका वाचवू नये. यास्तव गोळीचे वजन ग्रेनांत घ्यावे, वेग सेकंदास किती फूट तो घ्यावा, दोहोंचा गुणाकार करून हजारांनी भागावे, आणि येईल तो आकडा एकशेपंचवीस भरलाच पाहिजे. तिकडील लोक यास पॉवर फॅक्टर म्हणतात. किंचित कमी पडला तरी दिवसभराची नेमबाजी रद्द, मुलाहिजा कोणाचा नाही. गेल्या साली राज्याच्या सामन्यात बाईसाहेबांचा आकडा एकशेतेवीस पूर्णांक आठ आला. दारी पोहोचताच हुकूम सुटला की, पुढील साली कमी भरले तर काडतुसे दुकानातून येतील, कारखाना खालसा होईल, आणि मोटार आपल्या जागी जाईल. पंतांस धास्ती पडली. एकसष्टाव्या वर्षी ही दुसरीही नोकरी गेली म्हणजे माणसाने करावे काय? दारू मुळात कमी का भरली, हे बाईसाहेबांनी विचारिले नाही आणि पंतांनी सांगितले नाही.

मग मसलतीस आरंभ जाहला. प्रथम एकशेपंधरा ग्रेनांची गोळी रुजू जाहली. ती उतावळी, वेगाने सुटे आणि हातास झटका देई, सबब रजा मिळाली. मग एकशेचोवीस ग्रेनांची आली, तिच्यात दोष नव्हता, आणि दोष नाही म्हणून पंतांस तिचा संशय आला. अखेर एकशेसत्तेचाळीस ग्रेनांची आली. ती जड, संथ, हातास दणका न देता नुसती मागे ढकली, आणि तिजवर पंतांचे मन बसले. परंतु तिच्यातही दोन घराणी निघाली. तांब्याच्या कवचाची वजनास एकसारखी परंतु महाग, आणि हिरव्या लेपाची शिशाची स्वस्त परंतु वजनास एकीसारखी दुसरी नाही. पंतांनी हिरवी घेतली, कारण तोलण्याचे काम त्यांस आवडे. एकेक गोळी तोलून तीन बरण्या केल्या, हलक्या, नेमक्या आणि जड. मग प्रायमरांचा, म्हणजे बुडाशी बसून दारूस ठिणगी देणाऱ्या टिकल्यांचा, विचार जाहला. बाईसाहेबांच्या पिस्तुलाचा घोडा हलका पडे, कठीण प्रायमर पेटेना, तेव्हा नरम प्रायमर धुंडाळून आणिले. दारूचे तीन डबे आणून तिन्हींची परीक्षा जाहली, आणि वहीत बत्तीस पाने खर्ची पडली.

ही वार्ता कन्या अनिका हिजला शिकागोस फोनवर कळली, तेव्हा ती म्हणाली, “डॅड, जस्ट पिक वन. इट्स अ बुलेट, नॉट अ जावई.”

ऑगस्टाच्या उन्हात आकडा एकशेसत्तावीस भरला, आणि पंतांनी वहीत दुहेरी रेघ ओढिली. दोनशे काडतुसे भरावयाची, परंतु एकशेनव्वदावर नेमक्यांची बरणी रिती जाहली. नवी मागविली तो टपाल अडकले. सामना उद्यावर, तेव्हा नाइलाजे जडांच्या बरणीतून दहा गोळ्या घेतल्या, आणि आपल्या कामास बट्टा लागला ऐसे मानून त्या दहा काडतुसांच्या बुडाशी काळ्या मार्करने ठिपका दिला.

आश्विन वद्य पक्षी, मंदवारी, प्रातःकाळी बाईसाहेबांनी डबा उघडिला.

“अहो, हे काळे ठिपके कसले?”

“ती दहा जड आहेत. ग्रेनभर. नेमक्या संपल्या.”

“तीट लावलीत होय? नजर लागेल म्हणून?”

“खूण आहे ती. ती शेवटी वापर.”

“शेवटी म्हणजे कधी?”

“म्हणजे, वापरूच नकोस.”

“मग भरलीत कशाला?”

बाईसाहेबांनी दहाही उचलून बाकीच्यांत सरमिसळ केली आणि मोटारीत जाऊन बसल्या.

रणभूमी उत्तरेस दोन तासांवर. पंत उतरले तो गवतावर दव गोठलेले, आणि बोलू जाता तोंडातून वाफ निघे. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की, आपण दारू तोलली ती ऑगस्टात, आणि ही दारू थंडीत मंदावते. बत्तीस पानांत थंडीचे नाव नव्हते. इकडे बाईसाहेबांनी पहिले दोन मोर्चे ऐसे मारिले की रांगेतील तरुण मंडळी पाहात राहिली, आणि मग वेग मोजण्याच्या तंबूतून बोलावणे आले.

तंबूचा अंमलदार डेल ओल्सन, देह मोठा आणि आवाज मऊ. त्याने बाईसाहेबांच्या काडतुसांतून आठ उचलली. एक फोडून गोळी तोलली, ती एकशेसेहेचाळीस पूर्णांक आठ. तीन उडविली, आकडा कमी. आणखी तीन उडविली, सहांतील चांगली तीन धरिली, वेग आठशे अठ्ठेचाळीस, आकडा एकशेचोवीस पूर्णांक चार. पंत दोरीपलीकडे उभे होते. गराजात मोटार शिरताना त्यांस दिसू लागली.

परंतु कायदा ऐसा की, शेवटची गोळी फोडून जड निघाली, तर तिचेच वजन साऱ्या हिशेबास धरावे. ओल्सन अदबीने म्हणाला, “मॅम, वन लेफ्ट. उडवून वेग घेऊ, की फोडून वजन? युअर कॉल.”

बाईसाहेबांनी आठवे काडतूस बोटांत धरून उलटे केले. बुडाशी तीट. मग दोरीपलीकडे पाहून मराठीत विचारिले, “अहो, ग्रेनभर नक्की ना?”

“वहीत आहे.”

“वहीत थंडीसुद्धा होती ना?”

पंत म्हणाले, “थंडी नव्हती. वजन आहे.”

“वे इट,” बाईसाहेब तराजूकडे बोट करून ओल्सनास म्हणाल्या.

ओल्सनाने काडतूस गोळी काढण्याच्या पोकळ हातोड्यात घालून तीन ठोके दिले, हिरवी गोळी बाहेर पडली, आणि तराजूवर आकडा हलता हलता थांबला. एकशेसत्तेचाळीस पूर्णांक नऊ. गुणिले, भागिले, एकशेपंचवीस पूर्णांक चार. “यू आर गुड,” ऐसे म्हणून त्याने कागदावर सही केली, आणि पंतांनी दोरीपलीकडून हात लांबवून ती गोळी मागून घेतली.

परतीच्या वाटेवर चौकशी जाहली.

“मुळात इतकी काठावर भरताच का?”

“तुझं मनगट दुखतं.”

बाईसाहेबांनी आपले मनगट एकवार फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, “मनगट माझं आहे, ते मी बघीन. तुम्ही दारू वाढवा. आणि पुढच्या वेळी सगळ्यांना तीट लावा.”

“सगळ्यांना लावली तर जड कोणती ते कळणार कसं?”

“तुम्हाला एखादी गोष्ट कळली नाही तर चालेल हो.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्रेसष्ट नेमबाजांत सुलभाबाईसाहेब एकेचाळिसाव्या, गुण सारे धरिले गेले, आणि मोरेश्वरपंत दरोगागिरीवर बहाल राहिले. आठवी गोळी वहीच्या तेहतिसाव्या पानावर टेपने डकविली असे. पंधरा दिवसांनी बर्फ पडला, मोटार बाहेरच होती, आणि तिच्या काचेवरील बर्फ पंतांनी अर्धा तास खरवडला, मोठ्या संतोषाने.