आमी जहाजानं आलो

आमच्या मार्गासनी गावच्या तान्हाआत्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तरीही ओसरीवर कोणी नवा माणूस टेकला की चहा उकळायच्या आत त्या सुरुवात करतात, "आमी जहाजानं आलो."

नवा माणूस बावचळतो. समोर नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदलेली म्हातारी, मागे गोठ्यात म्हैस, आणि ही जहाजातून कुठून आली?

"तिघीजणी व्हतो. समुद्र नुसता खवळल्याला. सिस्टर आग्नेस ओकून ओकून निम्मी झाली. तिला म्हनलं, परत जायाचं का? ती म्हनली, परत जायाला बी ह्योच समुद्र हाय."

ही हकिगत आत्यांची नव्हे, त्यांच्या शाळेची. इंग्रजांच्या काळात परदेशातून आलेल्या तीन कॅथलिक सिस्टरांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आत्यांची आई त्या लहान असतानाच गेली, तेव्हा वडिलांनी त्यांना त्या शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं. सातवी झाल्यावर लग्न होऊन त्या आमच्या गावात आल्या. त्या शाळेत गेल्या तोवर इंग्रज केव्हाच घरी पोचले होते. पण आत्या सांगायला बसल्या की जहाजातून उतरण्यापासून शाळेची कौलं चढवण्यापर्यंत सगळीकडे त्या हजर.

"प्लेग आला. गोरा सायब म्हनला, शाळा बंद करा. आमी म्हनलो, बंद करायला उघाडली न्हाई."

मी एकदा न राहवून विचारलं, "आत्या, प्लेगात तुमचा जन्म तरी झाला होता का?"

"जल्माचा काय संबंध, विलास? म्या शाळेचं सांगतीया."

मी त्यांचा शेजारी. नसरापूरला माझं औषधाचं दुकान आहे. खोट्या औषधाची मला पारख आहे, पण आत्यांच्या बोलण्यात खोट सापडत नाही. कारण 'आमी' का म्हणतात, तेही त्यांनी सांगून टाकलं होतं, "सिस्टर आमाला असंच शिकवायच्या. आपुन आलो, आपुन बांधलं, आपुन टिकवलं. आता म्या काय 'त्या आल्या' म्हनू? परक्यावानी?"

शाळा सुटली तरी आत्यांनी शाळा सोडली नाही. आमच्या आळीत नळाला रांग लागते ती त्यांच्यामुळे. ती उंचीप्रमाणे लागते. त्यामुळे पाटलांची बुटकी सून कायम पहिली आणि सहा फुटी पैलवान कायम शेवटी. त्याने एकदा तक्रार केली तर आत्या म्हणाल्या, "तू म्होरं हुबा ऱ्हायलास तर मागच्यांना नळ दिसंल व्हय?" ग्रामसभेत भांडण पेटलं की त्या कोपऱ्यातून "सायलेन्स" म्हणतात. शब्दाचा अर्थ निम्म्या गावाला ठाऊक नाही, पण सरपंचासकट सगळे गप्प बसतात. धार काढायच्या आधी म्हशीला "गुड मॉर्निंग" म्हणतात. संध्याकाळच्या धारेलाही तेच. मी चूक दाखवली तेव्हा म्हणाल्या, "तिला कळतं. तुलाच कळंना."

यंदा त्यांच्या नातवाने जहाजाची गोष्ट मोबाईलवर घेतली आणि दिली सोडून. फिरत फिरत ती थेट त्या शाळेत पोचली. शाळेच्या वर्धापनदिनाची तयारी चालली होती. मुख्याध्यापिका सिस्टरांचा फोन आला. "आजी, आमच्या मुलींना शाळेचा इतिहास तुम्ही सांगाल का?"

आत्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या. "विलास, हितं काय बी बोललं तर चालतं. तितं सिस्टर लोक असनार. जहाज कंच्या बंदराला लागलं, इचारलं म्हंजे?"

"सांगा मुंबईला."

"आन् न्हाई लागलं तर?"

त्या आठवड्यात म्हशीने शाळेचा इतिहास इतक्या वेळा ऐकला की तिला उभं केलं असतं तर तिनेही सांगितला असता. ठरल्या दिवशी आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्या गाडीत बसल्या. वाटेत दोन एसट्या मागे टाकल्या, त्या दोन्हींना त्यांनी हात केला.

शाळेत सभागृह मुलींनी गच्च भरलं होतं. गाणी झाली, पाहुणे बोलले, आणि आत्यांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. आत्या काही उठल्या नाहीत, कारण खुर्ची रिकामी होती. गाणं चालू असताना त्या "आले" म्हणून गेल्या होत्या. पुन्हा नाव पुकारलं. म्हातारी बंदराच्या धास्तीने पळाली की काय, असं मनात आलं. मी मागच्या दाराने निघालो, माझ्या पाठोपाठ मुख्याध्यापिका सिस्टरही आल्या.

बोर्डिंगच्या मागच्या दगडी जिन्यावर आत्या बसल्या होत्या. पुढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, रडून नाक लाल झालेली. आत्या तिची वेणी घालत होत्या.

सिस्टर हळूच मला म्हणाल्या, "आरोही. वेल्ह्याच्या पलीकडची आहे, याच जूनमध्ये आली. कालपासून जेवलेली नाही. कोणाशी बोलत नाही."

आत्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं. त्या बोलत होत्या, इतक्या वर्षांत मी न ऐकलेलं.

"म्या बी हितंच बसले व्हते. बा त्या फाटकातनं गेला. म्या म्हनलं, आता वळंल, आता वळंल. फाटकाभायेर गेला, झाडाआड गेला. वळला न्हाई."

"मग?" मुलीने विचारलं.

"मग काय. म्या बी रुसले. दिवाळीला न्यायला आला, तर बोललेच न्हाई त्याच्यासंगं. लई वर्सं मनात ठिवलं. मला पोरं झाली तवा उमगलं. वळला आसता, तर त्येला जाता आलं नसतं."

मुलगी म्हणाली, "माझी आई वळली होती."

"मग लई रडली आसंल."

"हो."

"आन् तू हितं जेवंना. तिला कळलं तर ती तितं जेवंल का?"

सिस्टर खालच्या पायरीवर पदर सावरून बसल्या. सभागृहातून माईकवर तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांनी मला नुसती खूण केली, थांबायला सांगा. पाहुणे थांबले, मुली थांबल्या. आत्या आरोहीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, तिच्यासोबत वरण-भात जेवल्या, आणि तोंड पुसत सावकाश स्टेजवर चढल्या.

भाषण झक्क झालं. ओकणाऱ्या सिस्टरला मुली पोट धरून हसल्या. बंदर कोणी विचारलंच नाही.

परतताना आत्या खिडकीला डोकं टेकून बसल्या. कात्रजचा घाट उतरला, शिवापूर गेलं. मला वाटलं, डोळा लागला. नसरापूरच्या फाट्यावर गाडी आत वळवली तेव्हा त्या म्हणाल्या,

"रईवारी तुजी गाडी मोकळी हाय का?"

"आहे की. पुन्हा शाळेत जायचंय?"

"न्हाई. वेल्ह्याच्या पल्याड जायाचंय, त्या पोरीच्या आईकडं." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "तिला सांगून येते, पोर जेवली म्हनून."