गळती शून्यावर कशी आणली

जगातली कोणतीही अडचण समिती नेमेपर्यंतच गंभीर असते. एकदा समिती नेमली की ती अडचण राहत नाही, विषय बनते. आणि विषयाला घाई नसते. हे तत्त्व आमच्या क्रीडा मंडळाइतकं मनापासून क्वचितच कोणी पाळलं असेल.

मंडळाच्या फुटबॉल वर्गात बारा वर्षांखालच्या मुली होत्या छत्तीस. चौदाखालच्या सतरा. सोळाखालच्या चार (त्यांतली एक बूट परत द्यायला आली होती, पण तेवढ्यात तिची हजेरी लागून गेली). मधल्या मुली जातात कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मुलींना ठाऊक होतं, त्यांच्या आयांना ठाऊक होतं, मैदानाची झाडलोट करणाऱ्या मावशींना ठाऊक होतं. पण अधिकृतपणे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून 'मुलींची गळती रोखणे समिती' स्थापन झाली.

सदस्य पाच. अध्यक्ष निवृत्त मोजणी अधिकारी. वैद्यकीय बाजू सांभाळायला दातांचे डॉक्टर. शिवाय प्रशिक्षक, कापड दुकानदार आणि चिटणीस म्हणून मी. पाच जणांचं मिळून वय दोनशे सत्त्याऐंशी वर्षं, आणि एवढ्या वर्षांत या विषयाचा स्वानुभव एकालाही नाही, त्यामुळे पूर्वग्रहाला जागाच नव्हती. मावशींना घ्यावं अशी एक सूचना आली होती. पण त्यांना विषयातलं फार कळत असल्याने त्या तटस्थ राहू शकल्या नसत्या.

इथे एक खासगी गोष्ट सांगून टाकतो. चौदाखालच्या संघाची गोलकीपर माझी सख्खी भाची. वय तेरा. मैदानावर तिला सगळे 'भिंत' म्हणतात. चेंडू दिसला की ही आधी झेपावते आणि विचार नंतर, जमिनीवर पडल्यावर करते. त्या हंगामात तिने एकही गोल होऊ दिला नव्हता. तिचा मामा म्हणून मी चारचौघांत जरा जास्तच मिरवत असे, हे कबूल करतो.

समितीकडे पहिला अर्ज आला तो या भिंतीचाच. वहीचं अर्धं पान.

'पाळी असली तरी आम्हाला खेळायचंय. पांढऱ्या चड्ड्यांऐवजी काळ्या द्या. मैदानाजवळचा संडास उघडा. औषधांच्या पेटीत पॅड ठेवा. आणि एखादीला आज कमी पळायचं असेल तर सगळ्यांसमोर का म्हणून विचारू नका.'

अध्यक्षांनी पान वाचलं, पालथं ठेवलं आणि पंख्याकडे बघितलं.

"पहिला शब्द खोडा," ते म्हणाले. "इतिवृत्त मी घरी नेतो. घरात बायकामाणसं आहेत."

"मग काय लिहू?"

"प्रस्तुत बाब लिहा की!"

त्याप्रमाणे 'प्रस्तुत बाब असली तरी आम्हाला खेळायचंय' अशी दुरुस्ती एकमताने मंजूर झाली, आणि पहिल्या बैठकीचं काम संपलं.

चड्ड्यांसाठी उपसमिती नेमली (कापड दुकानदार आणि त्यांचा रंगांचा तक्ता). तक्त्यात छत्तीस रंग होते. काळा रंग पहिल्याच पानावर होता, म्हणून घाईचा वाटू नये यासाठी तो शेवटी विचारात घ्यायचं ठरलं. पांढरा ही संस्थापकांची आठवण. तेव्हा परंपराही राहावी आणि मुलींच्या भावनाही, असा मध्यममार्ग साडेतीन महिन्यांनी सापडला. नव्या चड्ड्या मोतिया रंगाच्या आल्या. जुन्या आणि नव्या शेजारी ठेवल्या, तर दुकानदारांना फरक लगेच ओळखता येतो.

संडासाचा प्रश्न वेगळा होता. तो घाण होऊ नये म्हणून अकरा वर्षांपूर्वी बंद केला, तेव्हापासून अतिशय स्वच्छ आहे. तरीही समितीने मन मोठं करून अर्ज दिल्यास किल्ली द्यावी असं ठरवलं. अर्जात कारण हवं, हा मंडळाचा नियमच आहे. कारण लिहिलं तर अर्ज असभ्य ठरतो, नाही लिहिलं तर अपूर्ण. एकूण अकरा अर्ज आले. सहा असभ्य, पाच अपूर्ण. किल्ली माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.

पॅडचा निर्णय मात्र तडकाफडकी झाला. ते आणले, वर्तमानपत्रात गुंडाळले, काळ्या पिशवीत घातले, पिशवी पेटीत, पेटी कपाटात, आणि कपाटाची किल्ली वैद्यकीय बाजू म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर गुरुवारी चार ते पाच येतात. मुलींनी त्या बेताने नियोजन करावं, असं पत्रक फळ्यावर लावलं.

चौथ्या मागणीत तर आम्ही मागितल्यापेक्षा जास्त दिलं. कोणी कोणाला विचारूच नये म्हणून, त्या दिवसांपुरती दंडाला बांधायची पिवळी पट्टी सुरू केली. पट्टी बांधली की प्रशिक्षकांना विचारावं लागत नसे. कुंपणापलीकडून जाणाऱ्यांनाही विचारावं लागत नसे.

एवढ्या तयारीनिशी आमचा संघ उपान्त्य सामन्यात उतरला. पहिला फटका भिंतीच्या उजवीकडून, हातभर अंतरावरून आत गेला. ती झेपावली नाही. दुसरा डावीकडून गेला. ती उभीच, गुडघे जुळवलेले, एक हात चेंडूसाठी पुढे आणि दुसऱ्या हाताने जर्सी मागून खाली ओढून धरलेली.

"अगं, झालंय काय तुला? उडी मार ना!" प्रशिक्षक ओरडले.

"अहो, कशी मारेल उडी, त्या पांढऱ्या चड्डीत!" कुंपणाजवळून मावशींचा आवाज आला. (इतिवृत्तात नोंद : चड्डी मोतिया होती.)

तिसरा गोल झाला तेव्हा तिने चेंडूकडे पाहिलंही नाही. ती आमच्या खुर्च्यांकडे पाहत होती. दातांच्या डॉक्टरांनी जागेवरच निदान केलं, की या वयात मुलींचं खेळावरचं लक्ष आपोआप उडतं. समितीचा मूळ अंदाज खरा ठरल्याचं समाधान सगळ्यांनाच वाटलं. मीही मान डोलावली, कारण मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बहीण मंडळाच्या कचेरीत आली. ती शिवणकाम करते. तिने माझ्या टेबलावर गोलकीपरचे हातमोजे ठेवले.

"दादा, हे परत द्यायला सांगितलेत तिने."

"ती का नाही आली?"

"मामाला भेटायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, अगं, मामाला एकदा सांगितलं असतंस तर? तर म्हणते, सांगितलं होतं की. लेखी."

मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. हातमोजे तळव्यावर पार झिजले होते आणि एका अंगठ्याला बहिणीने घातलेले टाके होते. मी त्यांची वस्तुनोंदवहीत 'सुस्थितीत परत' अशी नोंद केली आणि तिची सही घेतली.

पुढच्या पंधरवड्यात बाकीच्या मुलीही कमी झाल्या. गोदामामागे मोकळी जागा आहे, तिथे त्या खेळतात असं कळलं. बहिणीने उरलेल्या काळ्या कापडाच्या चड्ड्या शिवल्या. मावशींचं घर पलीकडेच आहे आणि त्याचं दार उघडं असतं. आमच्या चौदाखालच्या आणि सोळाखालच्या सगळ्या तिथे गेल्या, आणि दोन-दोन वर्षांपूर्वी गळलेल्याही पाच जणी परत आल्या. भिंत पुन्हा झेपावते म्हणे. मी बघायला गेलेलो नाही. मला कोणी बोलावलेलं नाही.

मंडळाच्या दृष्टीने मात्र निकाल डोळ्यांत भरण्यासारखा आहे. बारा वर्षांवरची एकही मुलगी पटावर नसल्यामुळे यंदा एकही मुलगी गळालेली नाही. गळती शून्य. अध्यक्षांचा सत्कार झाला आणि समितीला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

आता उरलं ते पालकांचं सर्वेक्षण. त्यासाठी घरोघरी एक तक्ता पाठवला होता, रकाने तीन : तुमच्या घरातली मुलगी कोणता खेळ खेळायची, कितव्या वर्षी थांबली, का थांबली. पहिला रकाना सगळ्यांनी हौसेने भरला, बक्षिसांसकट. दुसऱ्यात बहुतेकांनी 'तेरा-चौदा असेल' असं अंदाजाने लिहिलं. तिसरा एकानेही भरला नाही, कारण त्या मुलीला तसं कोणी विचारलंच नव्हतं. (आपण हसत हसत इथवर आलाच आहात, तर आपलाही तक्ता मनातल्या मनात भरून टाकावा : मुलगी, बहीण, पुतणी, कोणीही चालेल.) रिकामा रकाना म्हणजे 'तक्रार नाही' असं धरावं, हे समितीने एकमताने ठरवलं आहे. तुमचाही तसाच धरला आहे.